प्रमुख पाहुण्यांकडे पाठ

माझी धाकटी बहीण यवतमाळात जॅझ नाच शिकवते. हे सांगितले की ऐकणारा बहुतेक वेळा विचारतो, "म्हणजे झुंबा का?" त्यात कुचेष्टा नसते. शहरात झुंब्याचे वर्ग चालतात, त्यांचे फलक रस्त्यावर दिसतात, आणि गाणे लावून घाम गाळण्याच्या कुठल्याही प्रकाराला लोक आता तेच नाव देतात. एका पालकाने तर तिलाच विचारले होते.

"मॅडम, इथं वजन कमी होते म्हणे."

"माह्याकडे नाही होत."

"मंग काय होते?"

"खांदा हलते अन् मान हलत नाही."

पालकाने सोबतच्या मुलीकडे पाहिले. "बरं. हिची मान लयच हलते. घ्या हिले."

बहिणीने विनोद केला नव्हता. जॅझचे शिक्षण तिथूनच सुरू होते. खांदा हलवायचा आणि बाकीचे शरीर जागेवर ठेवायचे. मग बरगड्या, मग कंबर, मग डोके. प्रत्येक भाग वेगळा चालवता आला की ते एकमेकांत मिसळायचे. दुसरी गोष्ट तालाची. आपल्याकडे पाऊल ठेक्यावर पडते. जॅझमध्ये ते पुष्कळदा ठेक्याच्या किंचित आधी किंवा नंतर पडते. नव्याने आलेल्या मुलांना सुरुवातीचे काही महिने ही चूकच वाटते. ती मुद्दाम केलेली आहे, हे शरीराला पटायला वेळ लागतो.

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात बातमीदार होतो, नंतर उपसंपादक झालो. त्या सगळ्या काळात बहिणीच्या कामाविषयी मी एकही बातमी लिहिली नाही. घरच्या माणसाची बातमी आपण लिहायची नाही, असा आमच्या कार्यालयाचा शिरस्ता होता आणि मला तो मान्य होता. आता मी नोकरीत नाही.

आमचे वडील कापसाच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये दिवाणजी होते. बहीण शाळेत असताना प्रत्येक गॅदरिंगमध्ये नाचायची. त्यात वेगळे काही नव्हते, सगळ्याच मुली नाचायच्या. बी.एस्सी.साठी ती नागपूरला गेली. तिथे मुंबईच्या एका शिक्षकांनी सुट्टीत जॅझचे शिबिर घेतले. ते आटोपून ती घरी आली आणि पदवी झाली की मुंबईला जाणार असल्याचे जेवताना सांगून टाकले. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, राहणार कुठे. पुढे ते स्वतः तिला पोचवायला गेले. खोली पाहिली, वर्ग पाहिला, दुपारभर तिथल्या एका स्टुलावर बसून राहिले आणि परत आल्यावर आईला म्हणाले, "कसरतच आहे. पण मास्तर लय कडक आहे." त्यांच्या तोंडी कडक ही मोठी शिफारस होती.

मुंबईत तिने समारंभांमधून मागच्या रांगांत नाच केला आणि सकाळच्या वेळी त्याच शिक्षकांच्या हाताखाली नवख्यांना शिकवले. नाचण्यापेक्षा शिकवणे आपल्याला जास्त येते, हे तिला तिथे कळले. मग एका उन्हाळ्यात सामान घेऊन ती परत आली.

गल्लीतल्या काकू दारात उभ्याच होत्या. "काहून वापस आली वं? नाही जमलं का तिथं?"

"जमलं ना, काकू. पण तिथं मी चौथ्या रांगेत होती. इथं रांगच नाही. पहिली लावून पाहू म्हटलं."

"लग्नाचं पाहून राह्यलीस का?"

"रांगेचं पाहून राह्यली."

काकूंना उत्तर कळले नाही, पण आवडले असावे. त्यांनी आपली नात वर्गात पाठवली. पहिल्या तुकडीत अशा ओळखीपाळखीच्याच मुली होत्या.

वर्गाला जागा मिळाली ती ट्रकची बॉडी बांधणाऱ्या एका गॅरेजच्या वर. गॅरेजचे मालक तेव्हा पन्नाशीचे असतील. सगळे त्यांना चाचा म्हणतात. खाली दिवसभर हातोडे चालायचे, वर संगीत. पहिल्याच महिन्यात चाचा जिना चढून आले.

"बेटा, वरते पोट्टे उड्या मारतात, खालते माह्या गाडीचे नट ढिले होतात."

"चाचा, तुमचे नट ढिले होतात, माह्या पोट्ट्यांच्या नडग्या सुजतात. सिमेंट आहे ना खाली."

चाचांनी वाकून फरशीला हात लावला आणि ते निघून गेले. पुढच्या जुम्म्याला गॅरेज बंद होते, त्या दिवशी त्यांनी आणि त्यांच्या मुलाने ट्रकच्या जुन्या टायरांचे तुकडे कापून फरशीवर मांडले, वर लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर प्लाय बसवला. नाचणाऱ्याचे पाय पडले की ती जमीन किंचित दबते आणि पाय परत वर ढकलते. बहीण म्हणते, मुंबईतल्या तिच्या वर्गातही इतकी चांगली जमीन नव्हती. हे खरे असेल किंवा चाचांना खूश करण्यासाठी असेल. ते खूश झाले होते.

वर्गाच्या वेळा एसटीच्या वेळांवरून ठरल्या. राळेगाव आणि बाभुळगावकडची मुले ज्या बसने येत, ती आली की वर्ग सुरू. परतीची बस सुटण्याआधी बंद. एखाद्या दिवशी बस उशिरा आली तर शहरातली मुले खांदे हलवत वाट पाहायची. तिने कधी बाहेरगावच्या मुलांना सोडून सुरुवात केली नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे, तिच्याकडे येतो.

वर्ग चांगला रुळल्यावर तिने एक संघ नागपूरच्या समूहनृत्य स्पर्धेला नेला. रचना अवघड होती आणि मुलांना ती उत्तम येत होती. मी रजा टाकून गेलो होतो. परीक्षक मधल्या रांगेत टेबल मांडून बसले होते. उद्घाटनाला आलेले पाहुणे मात्र रंगमंचाच्या डाव्या अंगाला, सोफ्यांवर होते. संगीत सुरू झाले. मुले समोर तोंड करून उभी होती. थोड्या वेळाने पुढची मुलगी किंचित डावीकडे वळली, मग तिच्या शेजारची, मग मागचे सगळे. कोणी कोणाला खूण केली नव्हती. नाच अर्धा होईपर्यंत अख्खी रचना सोफ्यांकडे तोंड करून चालली होती. परीक्षकांना दिसत होते ते खांदे आणि कान.

नाच संपल्यावर एका परीक्षकांनी तिला बोलावले. "रचना तिरकी ठेवण्यामागे काही विचार आहे का?"

"विचार नाही, सर. पाहुणे तिकडे बसले होते."

परीक्षक मोठ्याने हसले. बक्षीस अर्थातच नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात मागून एका मुलाने तिची समजूत काढली, "पण मॅडम, पाहुण्याईनं लय टाळ्या वाजवल्या."

या चुकीचे कारण शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्याकडे मूल बालवाडीत पहिल्यांदा रंगमंचावर चढते, तेव्हा बाई त्याला दोन सूचना देतात: ओढणी सांभाळ, आणि पाहुण्यांकडे पाठ करू नको. पुढे प्रत्येक गॅदरिंगला, प्रत्येक राष्ट्रीय सणाला हेच. पाहुणे जिथे बसतील ती समोरची बाजू. एखाद्या कार्यक्रमात ते रंगमंचावरच, मागच्या खुर्च्यांत बसलेले असले तर मुले प्रेक्षकांकडे पाठ करून नाचलेली मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटले नव्हते. माझ्या बातम्यांतही तेव्हा अध्यक्ष, पाहुणे आणि आभार मानणारे असत. नाचणाऱ्यांना एक ओळ मिळे, जागा असेल तर.

जॅझला हे चालत नाही. त्यातल्या कितीतरी रचना पाठमोऱ्याच सुरू होतात. पाठ हा नाचणारा अवयव आहे.

नागपूरहून आल्यावर तिने वर्गातला मोठा आरसा झाकून टाकला. मग एक प्लास्टिकची खुर्ची आणली, तिच्यावर शाल पांघरली आणि वर नारळ ठेवला. हे पाहुणे. नाच चालू असताना ती खुर्ची उचलून कधी जिन्याशी, कधी खिडकीशी, कधी मुलांच्या अगदी मागे ठेवायची. ज्याची मान खुर्चीकडे वळली त्याने बैठका मारायच्या. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनीच मारल्या.

नारळाची सवय झाल्यावर तिने चाचांना वर बोलावले. ते हात पुसत आले.

"आज मी कोन आहो?"

"पालकमंत्री."

"मंग भाषण देतो."

"भाषण नाही, चाचा. नुसतं बसायचं. मधातच उठून जागा बदलायची."

"भाषण नाही, हार नाही. मंग कायचा मंत्री?" असे म्हणत ते बसले, आणि बसल्यावर मात्र त्यांनी काम चोख केले. मध्येच खाकरायचे, कोणाला तरी हात करायचे, एकदा तर त्यांनी फोनवर मोठ्याने टायरचा भाव विचारला. मुले फसायची, बैठका मारायची. चाचांना हे काम इतके आवडले की एखादे दिवशी बोलावले नाही तर ते खालूनच ओरडून विचारायचे, "आज मंत्रिमंडळ सुट्टीवर आहे का?"

याच काळात घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावरून एक मुलगी येऊ लागली. आठवीत होती. आईवडील शेती करायचे. आजा तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख, होता. ती फार कमी बोलायची. बसमध्ये झोपून यायची आणि वर्गात शिरली की जागी व्हायची. ठेक्याच्या मधले पाऊल, जे इतरांना महिनोन्महिने सापडत नसे, ते तिला लवकर सापडले. बहिणीने घरी येऊन मला हे सांगितले तेव्हा तिचा आवाज वेगळा होता. पुढे ती मुलगी यवतमाळातच कॉलेजला आली, लहान मुलांचा वर्ग घेऊ लागली, पदवी झाली आणि राहिली.

बहिणीचा उजवा गुडघा मुंबईतच दुखायला लागला होता. अलीकडे तो सुजायचा. डॉक्टरांनी उड्या पूर्ण बंद करायला सांगितल्या आणि ऑपरेशन फार लांबणीवर टाकू नका असे बजावले. ज्याला खाली बसता येत नाही, उडता येत नाही, त्याने मोठ्यांना जॅझ करून दाखवणे कठीण. वर्ग दुसऱ्या कोणाला द्यायचा, तर एकच नाव होते. पण बहीण ते नाव घेत नव्हती.

त्याऐवजी तिने कार्यक्रम ठरवला. शहरातले सभागृह, तासाभराचा नुसता नाच, शब्द नसलेले संगीत, आणि पाहुणे कोणीही नाहीत. सभागृहाच्या व्यवस्थापकांना भेटायला आम्ही दोघे गेलो.

"अध्यक्ष कोन?"

"नाही."

"प्रमुख पाहुणे?"

"नाही."

"दीपप्रज्वलन तं असन?"

"नाही."

"मंग सत्कार कोनाचा?"

"कोणाचाच नाही."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवला. "मंग कार्यक्रम कायचा आहे, मॅडम?"

"नाचाचा."

ते माझ्याकडे वळले. वर्तमानपत्रामुळे ओळख होती. "भाऊ, तुम्ही तं समजदार आहा. पुढची रांग रिकामी ठेवाची का? लोक काय म्हनतीन?"

"पुढच्या रांगेत जो आधी येईल तो बसेल," बहीण म्हणाली.

बाहेर पडल्यावर ती गाडीवर बसली नाही. गुडघा थोडा मोकळा करते म्हणाली आणि चालता चालता पहिल्यांदा मोकळेपणाने बोलली. पहिली रचना पाठमोरी सुरू होणार होती. ती मुलगी सर्वांत आत, मागच्या पडद्याजवळ. बाकीचे तिच्यामागे, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहून रेषा धरायची. ती वळली की सगळे वळणार.

"तिच्या आज्यानं येतो म्हटलं तर?" मी विचारले.

"तेच. चाचा काय, खोटे पाहुणे. नायक खरा आहे. त्याच्याकडे पाठ करून ती उभी राहू शकली, तर वर्ग तिचा. नाही राहिली, तर मले अजून पाच वर्षं उभं राहावं लागेल, दादा. अन् हा गुडघा तेवढी देत नाही."

हे तिने त्या मुलीला सांगितले नव्हते. मीही तिला सांगू नये, असे म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह बऱ्यापैकी भरले. पालक, जुने विद्यार्थी, गल्लीतले लोक. चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून तिसऱ्या रांगेत. मुलीचे आईवडील आले होते. आजा आला नव्हता. जीप मिळाली तर येईल, असे वडील म्हणाले. मी आणि बहीण डाव्या विंगेत उभे होतो. पडदा उघडला. काळ्या साध्या कपड्यांतल्या पाठी, बाकी काही नाही. प्रेक्षकांत कुजबुज झाली. कोणी तरी म्हणाले, "पडदा चुकून उघडला वाटते." मग संगीत सुरू झाले आणि त्या पाठींपैकी एक, सर्वांत आतली, हलली. आधी एक खांदा. मग दुसरा. मग तीच हालचाल लाटेसारखी मागच्या सगळ्यांतून पुढे आली. कुजबुज थांबली.

नायक त्यानंतर आला. जीप भरून माणसे होती. पांढरा फेटा सगळ्यांत पुढे. दाराशी ओळखीचे लोक उठले. "नायक आले." "राम राम, नायक." "जागा द्या, जागा द्या." आणि व्यवस्थापकांना, ज्यांचा जीव सकाळपासून आत पडून असलेल्या पाहुण्यांच्या सोफ्यांत अडकला होता, राहवले नाही. त्यांनी आतून सोफ्याची खुर्ची ओढत आणली आणि रंगमंचाच्या पुढे, डाव्या कोपऱ्यात, आमच्या अगदी खाली ठेवली. ओढण्याचा आवाज अख्ख्या सभागृहाने ऐकला. नायक बसला. तिसऱ्या रांगेतून चाचासुद्धा उभे राहून सलाम करत होते.

रंगमंचावर प्रेक्षकांच्या बाजूचा एक मुलगा अडखळला. त्याची मान डावीकडे आली, मागून खांदा आला. शेजारची मुलगी त्याच्याबरोबर. मग आणखी एक. रेषा मोडायला लागली होती. बहिणीने माझे मनगट धरले. "गेली," ती म्हणाली.

आत, पडद्याजवळ, ती मुलगी होती. तिला काही दिसत नव्हते, पण ऐकू सगळे आले असणार. तिच्या आज्याला हाक मारणारे पन्नास आवाज होते. तिचा पुढचा खांदा उशिरा आला. इतका उशिरा की मला वाटले तो येणारच नाही. मग तो आला, दोन ठेक्यांच्या मध्ये, जिथे यायला हवा होता नेमका तिथे. पाठ जागची हलली नाही. मान हलली नाही. वळलेल्या तिघांनी समोर पाहिले, त्यांना ती पाठ दिसली, आणि ते एकेक करून परत रेषेत आले. त्यानंतर पाठमोरा भाग संपेपर्यंत कोणी इकडेतिकडे पाहिले नाही. नायक खुर्चीत होता, फेटा अगदी स्थिर.

बहिणीने माझे मनगट सोडले. त्यावर तिच्या बोटांचे वळ होते. मला अभिमान वाटला. दुसऱ्यांच्या बातम्यांतून हा शब्द मी नेहमी कापत असे.

उरलेला कार्यक्रम नीट झाला. एका रचनेत एक बूट निसटला आणि मुलाने तो नाचातच पायाने विंगेत ढकलला. त्याला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या. शेवटी कोणी भाषण करणार नाही हे लोकांना पटेना, ते बसूनच राहिले. चाचांनी उठून "झालं बाप्पा, चला" म्हटले तेव्हा हलले.

नायक विंगेत आला. मुलगी बहिणीच्या मागे उभी राहिली.

"मास्तरीण तुम्हीच का?"

"हो. राम राम. बसा ना."

"बसूनच होतो." त्याने नातीकडे हात केला. "लय येळ मी छोरीची पाठच पाह्यली."

बहीण घाईने सांगू लागली, "ते नाचच तसा बसवलेला आहे. त्यात तुमचा अवमान..."

"कायचा अवमान?" तो मध्येच म्हणाला. "आमच्या बाया गोलात नाचतात. तीजेले, होळीले. तोंड आतमंधी. भवताल उभा राहून पाहनाऱ्याले पाठच दिसते. पाठीवरूनच समजते, कोन नाचून राह्यली अन् कोन नुसती फिरून राह्यली." मग नातीकडे पाहून तो म्हणाला, "हे नाचून राह्यली होती."

मुलगी त्यांच्या बोलीत काही तरी पुटपुटली. नायक खो खो हसला.

"काय म्हणते?" बहिणीने विचारले.

"म्हणते, खुर्ची कायले घेतली. तांड्यावर कोन खुर्ची घेऊन नाच पाह्यते?"

जीप निघून गेल्यावर बहीण एका पेटीवर बसली, गुडघा लांब करून. मुलगी सामान आवरत होती.

"म्हणजे तुले सोपंच होतं," बहीण म्हणाली. "मी उगीच भ्यायली."

"सोपं नव्हतं, मॅडम. शाळेत मलेबी तेच शिकवलं होतं. आमच्या बाईनं तं पाठ केली म्हणून एकदा कान धरला होता. घरी येगळं, शाळेत येगळं. आज आवाज आला तं मले दोन्ही आठवलं."

"म्हणून खांदा उशिरा आला?"

"थोडासाक."

"थोडासा नाही. चांगलाच उशिरा."

"पण चुकला नाही ना?"

"नाही." बहीण तिच्याकडे पाहत राहिली. "मोठ्यांचा वर्ग सोमवारपासून तू घेशील."

मुलीने घडी घातलेला पडदा खाली ठेवला. आनंदाचा एक शब्द न बोलता ती म्हणाली, "घेईन. पण घाटंजीतबी एक वर्ग पाह्यजे. तिकडच्या पोट्टीईचा अर्धा दिवस बसमंधी जाते. मी झोपून येत होती, सगळ्या झोपत नाहीत. काही येनंच सोडून देतात."

बहिणीशी वर्गाबाबत घासाघीस करणारे आजवर कोणी भेटले नव्हते. तिने माझ्याकडे पाहिले, जणू मी काही मध्यस्थी करणार होतो. मग ती हसली. "ठीक आहे. घाटंजी तुझं. जागा तू पाहायची."

जागा मुलीने बाजाराच्या बाजूला, बियाण्यांच्या एका बंद गोदामात पाहिली. चाचांनी यवतमाळहून टायरचे तुकडे पाठवले आणि सोबत मुलाला. बहिणीचे ऑपरेशन झाले. ती काठी घेऊन चालू लागल्यावर आम्ही दोघे एका रविवारी एसटीने घाटंजीला गेलो. बाजाराचा गलका भिंतीतून आत येत होता. गोदामात पंधरा-वीस मुली होत्या, काही मुले होती. एका आईने दारातून विचारले, "त्या काठीवाल्या बाई कोन?" आणि नायकाच्या नातीने वर्ग न थांबवता उत्तर दिले, "माह्या मॅडम आहेत. त्याईनं शिकवलं मले."

मग तिने मुलांना रांगेत न लावता गोलात उभे केले, तोंडे आत. बहीण काठीवर पुढे झुकली. "हे काय करून राह्यली? रांग नाही, समोर नाही?"

"थांब," मी म्हटले.

संगीत सुरू झाले. आम्हाला बाहेरून नुसत्या पाठी दिसत होत्या. त्यातल्या बहुतेक नुसत्याच फिरत होत्या. मुलगी गोलाच्या बाहेरून चालत एकेका पाठीवर बोट ठेवत होती, काही न बोलता, आणि जिथे बोट पडे तिथला खांदा थोडा जागा होत होता. बराच वेळ त्यापलीकडे काही झाले नाही. मग एका लहान मुलीची पाठ, बाजूच्या सगळ्यांपेक्षा किंचित उशिरा, वेगळी हलली.

"ते पाहा," बहीण म्हणाली. "ती. नाचून राह्यली."

परतीच्या बसमध्ये आम्हाला शेवटच्या सीटवर जागा मिळाली. तिने पाय मधल्या वाटेत लांब केला आणि कंडक्टरची बोलणी ऐकून घेतली. बाभळीच्या वळणानंतर ती म्हणाली, "हे मी शिकवलं नव्हतं तिले."

तक्रार म्हणून नव्हती म्हणाली ती. थोड्या वेळाने तिने तेच परत म्हटले, या वेळी शेजारच्या अनोळखी बाईला, आणि यवतमाळ येईपर्यंत तिला सगळे सांगत राहिली.